सैनिकाच्या पगाराची चिठ्ठी आणि अमेरिकेची पहिली वीस वर्षं

माझ्या दिराचा मुलगा न्यू जर्सीत आठवीत आहे, त्यांना शाळेत अमेरिकेचा इतिहास असतो आणि टेस्ट जवळ आली की साहेब मला व्हिडिओ कॉल लावतात, कारण काय तर "काकू वाचते". त्याच्या निमित्ताने मी १७८० ते १८०० हा काळ वाचायला घेतला, त्याची टेस्ट कधीच होऊन गेली, माझं अजून चालूच आहे. त्याच्या पुस्तकात सगळं सुटं सुटं आहे, एक प्रकरण शेजचं बंड, एक राज्यघटना, एक हॅमिल्टनची बँक, एक व्हिस्कीवरचा कर, आणि पोरं बिचारी प्रत्येकाखाली पाच पॉइंट लिहून पाठ करतात. मी पडले ऑडिटवाली. कागद हातात घ्यायचा आणि तो कुठून निघाला, कुणाच्या सहीने पुढे गेला, पैसे शेवटी कुणाच्या खात्यावर पडले हे बघायची सवय लागलेली. तसं बघत गेले तर ही चारही प्रकरणं एकाच कागदाची गोष्ट निघाली. तो कागद म्हणजे सैनिकाला पगाराऐवजी दिलेलं सर्टिफिकेट, साध्या भाषेत सरकारी उधारीची चिठ्ठी.

आधी जरा मागचं. १७७५ ला इंग्लंडशी लढाई जुंपली तेव्हा तेरा वसाहतींच्या काँग्रेसकडे कर लावायचा अधिकार नव्हता. भांडणच करावरून सुरू झालेलं, त्यामुळे वर बसून कर लावणारा अजून एकजण कुणालाच नको होता. मग लढाई चालवायची कशी, तर नोटा छापून. किती छापल्या ह्याचा आकडा मोजायच्या पद्धतीप्रमाणे बदलतो, २० कोटी डॉलरपासून २४ कोटीपर्यंत सांगतात. मागे ना सोनं ना वसुली, त्यामुळे व्हायचं तेच झालं, मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच जाहीर केलं की चाळीस कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक डॉलर. लोकांच्या बोलण्यात "काँटिनेंटलच्या लायकीचंही नाही" हा वाक्प्रचार तेव्हापासून बसला, काँटिनेंटल म्हणजे हीच नोट.

१७८१ मध्ये तेरा राज्यांचा करारनामा पक्का झाला, त्यातही केंद्राने राज्यांकडे फक्त मागायचं, द्यायचं की नाही ते राज्यांनी ठरवायचं. सोसायटीचा मेंटेनन्स ऐच्छिक केला तर लिफ्ट किती दिवस चालेल, बस तेवढंच. आयात मालावर ५ टक्के जकात बसवावी म्हणून प्रस्ताव आला, त्याला तेराच्या तेरा राज्यांची संमती लागायची, तर सगळ्यात चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि प्रस्ताव मेला. पुन्हा १७८३ ला आणला, तो पुढे न्यूयॉर्कने अडवला कारण त्यांना स्वतःच्या बंदराची जकात स्वतःलाच हवी होती. ह्यात न्यूयॉर्कचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आता त्या चिठ्ठीकडे. १७८३ मध्ये युद्ध संपत आलं तेव्हा सैन्याचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली की पैसे दिल्याशिवाय शस्त्रं खाली ठेवायची नाहीत, ते सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने स्वतः जाऊन शांत केलं. जूनमध्ये फिलाडेल्फियात तर सैनिकांनी काँग्रेस भरलेल्या इमारतीलाच वेढा घातला, आणि राष्ट्राची संसद तिथून निघाली ती थेट प्रिन्स्टनला. मग अनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क, अशी दोन वर्षं बिऱ्हाड पाठीवर. साधे सैनिक मात्र रजेच्या नावाखाली घरी पाठवले गेले, आणि पगाराच्या हिशोबापोटी त्यांना सर्टिफिकेटं मिळाली, अमुक इतके डॉलर देणं आहे, व्याजासकट देऊ, कधी देऊ ते मात्र कुणालाच माहीत नाही.

जोसेफ प्लम मार्टिन नावाचा एक सैनिक होता, पंधराव्या वर्षी भरती झालेला, यॉर्कटाउनच्या वेढ्यात खंदक खणणाऱ्या तुकडीत सार्जंट. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या, त्यात तो सांगतो की सर्टिफिकेटं हातात पडली आणि आम्ही ती विकली, कारण अंगावर धड कपडे हवे होते आणि घरापर्यंत माणसासारखं पोचता यायला हवं होतं. संपलं! सहा-सात वर्षांची लढाई, आणि मोबदल्यात सदरा, विजार, वाटखर्च. शंभर डॉलरच्या कागदाला बाजारात दहा-पंधरा डॉलर मिळत होते. मार्टिन पुढे मेन प्रांतात जंगल तोडून शेती करायला बसला, तर ती जमीन निघाली जनरल हेन्री नॉक्सच्या दाव्यातली. नॉक्स म्हणजे वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा प्रमुख, नंतरचा युद्धमंत्री, बायकोच्या माहेरच्या जुन्या सनदेवरून त्याच्याकडे तिकडे अफाट जमीन आलेली. १७९७ ला दावा नॉक्सच्या बाजूने लागला. मार्टिनला पेन्शन सुरू झाली १८१८ मध्ये, वर्षाला ९६ डॉलर, तीही गरिबी सिद्ध केल्यावर. हा माणूस लक्षात ठेवा, म्हणजे पुढच्या सगळ्या चर्चा वाचताना समोर कुणीतरी दिसत राहतं. आणि नॉक्सही लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

मग ही सर्टिफिकेटं घेत कोण होतं? गावातला दुकानदार, त्याच्याकडून बंदरातला व्यापारी, त्याच्याकडून बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियातले मोठे लोक. आणि एक नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच, अॅबिगेल अॅडम्स. नवरा जॉन अॅडम्स युरोपात वकिली करतोय देशाची, इकडे बाई घर, शेत, पोरं बघतायत आणि त्यांना कळलंय की पडलेल्या भावात सरकारी कागद घेतले तर व्याज दर्शनी रकमेवर मिळतं. जॉनला जमिनीचं वेड, ह्यांना बाँडचं. लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःच्या नावावर काही ठेवता यायचं नाही, तरी आपल्या मावशीच्या यजमानांकरवी त्या गुंतवणूक करत राहिल्या. पत्रं वाचाच. फाउंडर्स ऑनलाइन म्हणून अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजची साइट आहे, सगळं फुकट, सर्च छान चालतो, रात्री अकराला "एकच पत्र" म्हणून उघडलं की साडेबारा. तर सांगायचं हे की सट्टेबाज म्हटल्यावर मिशीला पीळ देणारा खलनायक डोळ्यासमोर येतो, प्रत्यक्षात त्यात हुशार, हिशोबी, आपल्याला आवडतील अशी माणसंही होती.

आता मॅसॅच्युसेट्स. राज्यांचीही युद्धाची कर्जं होती, आणि ह्या राज्याने ठरवलं की आपण फार शहाण्यासारखं वागायचं, कर्ज लवकर आणि पूर्ण फेडायचं. कौतुकास्पद, पण फेडायचं म्हणजे कर वाढवायचे, आणि कर नाण्यात भरायचा. पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत नाणंच फिरत नव्हतं. शेतकऱ्याकडे धान्य, गुरं, लाकूड आहे पण चांदी नाही. त्याचवेळी इंग्लंडच्या व्यापाऱ्यांनी बोस्टनकडे उधारी मागितली, बोस्टनने गावच्या दुकानदाराकडे, दुकानदाराने शेतकऱ्याकडे, आणि सगळे कोर्टात. जप्त्या सुरू झाल्या, माणसं कर्जापायी तुरुंगात बसली. आणि कर कशासाठी, तर त्यातला मोठा भाग त्याच कागदांच्या व्याजासाठी, जे बऱ्याच जणांनी कवडीमोल विकलेले. म्हणजे सैनिकाने पगार सोडला तो सोडलाच, आता विकत घेणाऱ्याला व्याज देण्यासाठी त्याच्या दावणीची गाय चाललेली.

ऑगस्ट १७८६ च्या शेवटी नॉर्थॅम्प्टनला जमाव जमला आणि कोर्ट बसू दिलं नाही. मला ह्यातली गंमत ही वाटते की त्यांनी सावकाराचं घर नाही पेटवलं, न्यायाधीशाला मारलं नाही, फक्त कोर्टाच्या दारात उभे राहिले, कारण कोर्ट बसलंच नाही तर हुकूमनामा निघत नाही. मग हे लोण वूस्टर, ग्रेट बॅरिंग्टन असं पसरलं. डॅनियल शेज हा पेलहम गावचा, युद्धात कॅप्टन होता, लाफायेत ह्या फ्रेंच सेनानीने दिलेली तलवार त्याने पैशाच्या अडचणीत विकली असं सांगतात. बंडाला त्याचं नाव पडलं तरी पुढारी बरेच होते. गव्हर्नर बोडुइनकडे सैन्याला पैसा नव्हता (सरकारांकडे ह्या गोष्टीत कधीच पैसा नसतो) म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ ला शेजचे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागाराकडे निघाले, तिथे आधीपासून जनरल शेपर्ड तोफा लावून बसलेला, तोफा झाल्या, चार माणसं पडली, बाकीचे पळाले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जनरल लिंकन बर्फाच्या वादळात रात्रभर चालत पीटर्सहॅमला पोचला आणि उरलेले झोपेतून उठवून पकडले. संपलं बंड. पण त्या वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी बोडुइनला घरी बसवलं, जॉन हॅनकॉकला आणलं, आणि बहुतेकांना माफी मिळाली.

इथे नॉक्स परत येतो. ऑक्टोबर १७८६ मध्ये तो वॉशिंग्टनला पत्र लिहितो की ह्या लोकांचं म्हणणं असं आहे की देश सगळ्यांनी मिळून वाचवला तर मालमत्ता पण सगळ्यांचीच. हे तिखटमीठ लावलेलं होतं, त्या शेतकऱ्यांच्या अर्जांमध्ये असलं काही नाही, ते कर कमी करा, कोर्टाचा खर्च कमी करा, कागदी चलन काढा एवढंच मागतायत. पण वॉशिंग्टन घाबरला. पॅरिसमध्ये राजदूत म्हणून बसलेला जेफरसन मात्र आपल्याच व्हर्जिनियाच्या मॅडिसनला लिहितो की अधूनमधून एखादं छोटं बंड झालेलं चांगलंच असतं. तीन हजार मैलांवरून असं लिहायला काय जातंय!

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला ५५ जण आले, सप्टेंबरात ३९ जणांनी सही केली. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. त्यांनी १७८६ मध्ये आपली वेगळीच वाट धरलेली, एक लाख पौंडांच्या कागदी नोटा काढल्या आणि कायदा केला की सावकाराने त्या घेतल्याच पाहिजेत, तर सावकार कर्जदारांना बघून लपायला लागले असे किस्से आहेत. आता घटनेच्या पहिल्या कलमाचा दहावा विभाग काढून वाचा. राज्यांनी नोटा काढायच्या नाहीत. सोन्याचांदीशिवाय दुसरं काही कर्जफेडीत चालवायचं नाही. कराराचं बंधन सैल करणारा कायदा करायचा नाही. शाळेत घटना म्हणजे "वी द पीपल" आणि सत्तेचं विभाजन, आणि ते आहेच हो, पण हा विभाग वाचताना शेज आणि ऱ्होड आयलंड दोघांची नावं न घेता त्यांना दिलेलं उत्तर दिसतं. ऱ्होड आयलंड शेवटी मे १७९० मध्ये आत आलं, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

मग आला हॅमिल्टन. सप्टेंबर १७८९ ला अर्थमंत्री, वय तिशीच्या थोडं पुढे, आणि जानेवारी १७९० मध्ये त्याचा कर्जावरचा अहवाल काँग्रेससमोर. हिशोब असा: परदेशी कर्ज सुमारे १.१७ कोटी डॉलर, देशातलं ४ कोटींच्या वर, राज्यांचं अंदाजे २.५ कोटी, सगळं मिळून ७.९ कोटीच्या आसपास. त्याचं म्हणणं, हे सगळं केंद्राने अंगावर घ्यायचं, जुने कागद जमा करून नवे बाँड द्यायचे, आणि कागद आज ज्याच्या हातात आहे त्यालाच द्यायचे. मुद्दल एकदम फेडायचं नाही, व्याज मात्र एक दिवस चुकवायचं नाही.

बातमी न्यूयॉर्कात फुटली आणि खेड्यापाड्यांत पोचायच्या आत लोकांनी जहाजं भरली. जॉर्जियाचा जेम्स जॅक्सन सभागृहात ओरडला की तीन जहाजं पैसे घेऊन दक्षिणेकडे निघालीत, ज्यांना अजून काही कळलेलं नाही त्यांच्याकडून सर्टिफिकेटं लाटायला. आजच्या भाषेत इनसायडर ट्रेडिंग, फक्त शिडाच्या वेगाने.

आणि फेब्रुवारीत मॅडिसन उभा राहिला. हा तोच मॅडिसन जो १७८३ मध्ये असा भेद करायच्या विरोधात होता. आता म्हणाला, आजच्या धारकाला बाजारातला सगळ्यात चढा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ सैनिकाला द्या. मार्टिनला द्या, असंच मी वाचलं. प्रस्ताव ३६ विरुद्ध १३ ने पडला.

ह्या ठिकाणी मी बरेच दिवस अडकले होते कारण मनाने मी मॅडिसनकडे आणि धंद्याने हॅमिल्टनकडे. हॅमिल्टनचं म्हणणं सरळ आहे, तुम्ही कागद हस्तांतरणीय म्हणून काढलात, विकणाऱ्याने मर्जीने विकला, घेणाऱ्याने जोखीम घेतली, आता सरकार मागे जाऊन सौदे उलटवायला लागलं तर उद्या ह्या सरकारचा कागद पूर्ण भावाने कोण घेईल? कुणीच नाही. आणि ज्याला विकायची पाळी येईल त्यालाच सगळ्यात कमी मिळेल, म्हणजे परत गरिबालाच. हे मला पटतं. पण "मर्जीने विकला" हे नाही पटत. पगार वेळेवर न देणारं सरकार, त्यामुळे अर्धनग्न झालेला माणूस, आणि तेच सरकार म्हणणार की तू विकलास ना आपखुशीने. बरं, मूळ माणूस शोधणं अशक्य होतं ही सबबही अर्धीच खरी, सैन्याच्या पगारवाल्या चिठ्ठ्या नावानिशी दिलेल्या होत्या, नोंदी होत्या. फसवाफसवी झाली असती, वेळ लागला असता, हे मान्य. माझं मत विचाराल तर भेद न करता बाँड द्यायचे आणि सैनिकांसाठी वेगळी तरतूद तेव्हाच करायची, १८१८ ची वाट न बघता. पण तिजोरीत त्यासाठी दमडी नव्हती, आणि मला कोण विचारतंय.

राज्यांची कर्जं घ्यायचा मुद्दा तर आणखी पेटला, कारण व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडून टाकलेलं, त्यांचं म्हणणं आम्ही फेडलं आणि आता मॅसॅच्युसेट्सचं पण आम्हीच भरायचं का. एप्रिलमध्ये तो मतदानात हरला. मग जूनमध्ये जेफरसनच्या घरी, न्यूयॉर्कच्या मेडन लेनमध्ये, ते प्रसिद्ध जेवण झालं, हॅमिल्टन, मॅडिसन, जेफरसन, आणि तोडपाणी असं की व्हर्जिनियाची दोनेक मतं फिरवायची, बदल्यात राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात आणि मग कायमची पोटोमॅक नदीवर. जेफरसनने नंतर लिहून ठेवलंय की मत फिरवणाऱ्यांपैकी व्हाइट नावाच्या सदस्याच्या पोटात अक्षरशः ढवळून आलं. दोन वर्षांनी जेफरसन वॉशिंग्टनला सांगत होता की हॅमिल्टनने मला फसवलं, राजकारणातल्या सगळ्या चुकांत हिचाच मला जास्त पश्चात्ताप आहे. वॉशिंग्टन शहर जिथे आहे तिथे का आहे ह्याचं एक कारण सैनिकांच्या पगाराचं कर्ज, हे मी पुतण्याला सांगितलं, तो म्हणाला हे टेस्टला नाहीये.

बँकेबद्दल फार लिहीत नाही, ते प्रकरण स्वतंत्र आहे. १७९१ ला एक कोटी डॉलर भांडवलाची बँक, जेफरसन म्हणाला घटनेत कुठे लिहिलंय, हॅमिल्टन म्हणाला कुठे लिहिलंय की नाही काढायची, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने सही केली. जुलैत शेअरची नोंदणी उघडली, २५ डॉलर भरून मिळणारी स्क्रिप, म्हणजे पुढे शेअर मिळायचा हक्क देणारी पावती, ऑगस्टपर्यंत तीनशेच्या आसपास गेली आणि आपटली. मार्च १७९२ मध्ये विल्यम ड्यूअर बुडाला, हा आधी हॅमिल्टनच्याच खात्यात त्याच्या हाताखाली होता, त्याने विधवांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांकडून उसने घेऊन बाजार ताब्यात घ्यायला बघितलं, थेट कर्जबुडव्यांच्या तुरुंगात गेला आणि १७९९ ला मेला. रॉबर्ट मॉरिस, काँग्रेसचं अर्थखातं सांभाळणारा, ज्याने युद्धाच्या शेवटी स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या सैनिकांना दिल्या होत्या, तोही जमिनीच्या सट्ट्यात डुबून १७९८ ते १८०१ आत होता. हे वाचून मला थोडं बरं वाटलं हे कबूल करते.

तर व्याज चुकवायचं नाही म्हटल्यावर पैसा कुठून? मुख्य उत्पन्न जकातीचं, ते बंदरांवर बिनबोभाट जमत होतं. उरलेल्यासाठी मार्च १७९१ मध्ये देशी दारूवर कर. शहरात बसून हा अगदी योग्य कर वाटतो, दारूवर तर आहे! पण पिट्सबर्गच्या आसपास, अॅलेगेनी डोंगरांच्या पलीकडे, राय नावाचं धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याला धान्य पूर्वेच्या बाजारात न्यायचं तर रस्ता नाही. घोड्यावर धान्य चार बुशेल (हे तिकडचं धान्याचं माप) जातं, तेच दारू करून नेलं तर चोवीस बुशेलांचा माल एका घोड्यावर. शिवाय नाणं नसलेल्या मुलखात मजुरी, किराणा, कधीकधी पाद्र्याची दक्षिणासुद्धा व्हिस्कीत. म्हणजे दारूवर कर हा त्यांच्या दृष्टीने चलनावरच कर, आणि तो भरायचा पुन्हा नाण्यात. वर रचना अशी की भट्टीच्या आकारावर ठरलेली रक्कम भरली की मोठ्या कारखानदाराला वर्षभर भट्टी चालवून गॅलनमागे कर कमी पडायचा, आणि हंगामापुरती भट्टी लावणाऱ्या लहान माणसाला जास्त. खटला झाला तर फिलाडेल्फियाला जायचं, तीनशे मैल, पिकं उभी टाकून. आणि हे सगळं कशासाठी, तर बाँडच्या व्याजासाठी. त्या भागात जुने सैनिक ढिगाने राहत होते. मॅसॅच्युसेट्सचं चक्र इथे नव्याने फिरलं, फक्त ह्यावेळी केंद्राच्या नावाने.

सप्टेंबर १७९१ मध्येच रॉबर्ट जॉन्सन नावाच्या वसुली अधिकाऱ्याला बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषांनी गाठून डांबर आणि पिसं फासली. खरा भडका जुलै १७९४ मध्ये. एक मार्शल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचा अंमलदार, समन्स वाटत फिरत होता, बरोबर रस्ता दाखवायला जनरल जॉन नेव्हिल, तिथला वसुली प्रमुख आणि स्वतः मोठा दारूवाला. कायदा जूनमध्येच बदलला होता, की जवळच्या कोर्टात खटला चालवता येईल, पण हे समन्स आधीच्या कायद्याखाली काढलेले, त्यात फिलाडेल्फियाच लिहिलेलं. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुणालाही हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या दारात समन्स गेलं, दुसऱ्या दिवशी नेव्हिलच्या बॉवर हिलच्या घराला लोकांनी घेराव घातला, गोळीबारात एक पोरगा गेला, तिसऱ्या दिवशी शेकडो लोक आले, त्यांचा पुढारी जेम्स मॅकफार्लेन, हाही युद्धातला सैनिक, गोळी लागून पडला, आणि घर जाळलं गेलं.

वॉशिंग्टनने जवळजवळ १३ हजारांची फौज बोलावली आणि काही अंतर स्वतः घोड्यावर गेला. फौज डोंगर ओलांडून पोचली तर समोर कुणीच नाही, सगळे आपापल्या शेतात. वीसेक जणांना धरून फिलाडेल्फियाला चालवत नेलं, दोघांना राजद्रोहात फाशीची शिक्षा झाली, ती वॉशिंग्टनने माफ केली. एक आर्थिक चमत्कार मात्र झाला, सैन्याने तिथे धान्य, चारा आणि हो, व्हिस्कीही विकत घेतली, त्यामुळे पहिल्यांदाच त्या भागात पुरेसं नाणं खेळलं आणि लोक कर भरू शकले! आणि १७९७ मध्ये निवृत्त झाल्यावर वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननला काय काढलं असेल, भट्टी. १७९९ मध्ये तिथे जवळपास ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली, देशातल्या मोठ्यात मोठ्या भट्ट्यांपैकी एक, आणि राबणारे बहुतेक गुलाम.

ह्या हिशोबात दोन खाती कुणी उघडतच नाही. एक गुलामांचं, ज्यांना पगारच नाही तर पगाराची चिठ्ठी कुठली. दुसरं जमिनीचं. कर्ज फेडायला सरकारकडे एकच मोठी मालमत्ता होती, ओहायो नदीच्या पलीकडची जमीन, जिथे शॉनी, मायामी आणि इतर मूळ रहिवासी जमाती राहत होत्या. १७८७ मध्ये ओहायो कंपनीने तिथली लाखो एकर जमीन घेतली ती ह्याच पडक्या भावाच्या सर्टिफिकेटांनी. ते लोक गप्प बसणार नव्हते, नोव्हेंबर १७९१ मध्ये त्यांनी जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचे सहाशेच्या वर सैनिक मारले, अमेरिकन सैन्याचा स्थानिकांकडून झालेला हा सगळ्यात मोठा पराभव. आणि नवं सैन्य उभं करायचा खर्च? १७९२ ला आयातीवरची जकात वाढवली.

जाता जाता आपल्याकडचं. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूसमोर उभा होता तेव्हा त्याच्या बाजूला हरिपंत फडके मराठ्यांची फौज घेऊन होते. आणि १७९३ मध्ये त्याने बंगालात कायमधारा लावला, शेतसारा कायमचा ठरवून जमीनदारांच्या गळ्यात. हॅमिल्टन तिकडे व्याजासाठी कायमचं उत्पन्न बांधत होता, कॉर्नवॉलिस इकडे कंपनीसाठी, दोन वर्षांच्या अंतराने. मार्टिनने यॉर्कटाउनला खणलेला खंदक ह्याच माणसाविरुद्ध.

पुढे १८०१ मध्ये जेफरसन अध्यक्ष झाला आणि त्याने अर्थमंत्री नेमला अल्बर्ट गॅलाटिन, जिनिव्हात जन्मलेला, आणि राहणारा कुठला, तर त्याच व्हिस्कीवाल्या मुलखाचा. १७९२ मध्ये पिट्सबर्गला कराविरोधी सभा झाली तिचा चिटणीस हाच, नंतर तो तिला "माझं एकमेव राजकीय पाप" म्हणायचा. १८०२ मध्ये व्हिस्कीचा कर रद्द झाला. सगळ्यांना वाटलं आता हॅमिल्टनची सगळी मांडणी मोडणार. पण बाँडना गॅलाटिनने हात लावला नाही. व्याज वेळेवर, मुद्दल भराभर, १८०१ ला सुमारे ८.३ कोटी असलेलं कर्ज १८१२ पर्यंत साडेचार कोटींच्या आसपास आणलं, आणि ते मध्येच नेपोलियनच्या फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख विकत घेऊन. त्या दीड कोटी डॉलरच्या खरेदीतले १.१२५ कोटी जेफरसनच्या सरकारने रोख दिलेच नाहीत, ६ टक्क्यांचे बाँड काढून दिले, हॅमिल्टनने ज्या कागदाची पत बांधली तसलेच. नेपोलियनला बाँड नको होते, त्याला लढाईला रोकड हवी होती, म्हणून ते विकत घेतले लंडनच्या बेरिंग आणि अॅमस्टरडॅमच्या होप ह्या पेढ्यांनी. म्हणजे इंग्लंडची पेढी नेपोलियनला पैसे मोजतेय आणि तो त्या पैशाने इंग्लंडवर चढाईची तयारी करतोय, आणि बेरिंगवाल्यांनी ते इंग्लंडच्या सरकारच्या संमतीने सुरू केलेलं.